अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स

अ‍ॅन्सेल ईस्टन अ‍ॅडम्स (२० फेब्रुवारी १९०२ – २२ एप्रिल १९८४) हे अमेरिकन छायाचित्रकार, लेखक, शिक्षक आणि निसर्गसंरक्षणाचे कार्यकर्ते होते. अमेरिकेच्या पश्चिम भागातील पर्वत, दऱ्या, नद्या आणि वृक्ष यांची त्यांनी टिपलेली कृष्णधवल छायाचित्रे जगभर परिचित आहेत. कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यान हे त्यांच्या कार्याचे प्रमुख क्षेत्र होते. फ्रेड आर्चर यांच्या सहकार्याने त्यांनी विकसित केलेली झोन सिस्टिम ही एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडू दिलेली प्रकाशाची मात्रा, ठरवण्याची पद्धत आजही छायाचित्रणाच्या अभ्यासक्रमांत शिकवली जाते. चित्राची रचना आणि त्याचे एक्स्पोजर हे दोन वेगवेगळे निर्णय नसून तो एकच निर्णय आहे आणि तो शटर उघडण्यापूर्वी मनात पूर्ण झालेला असावा, हे त्यांच्या कामाचे मूळ सूत्र होते. शरद ऋतूत टिपलेल्या त्यांच्या काही छायाचित्रांत हे सूत्र विशेष स्पष्टपणे दिसते.

बालपण आणि शिक्षण

अ‍ॅडम्स यांचा जन्म सान फ्रान्सिस्को येथे झाला. चार्ल्स हिचकॉक अ‍ॅडम्स आणि ऑलिव्ह ब्रे यांचे ते एकुलते एक अपत्य होते. गोल्डन गेट सामुद्रधुनीजवळच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये त्यांचे घर होते. एप्रिल १९०६ मध्ये सान फ्रान्सिस्कोत झालेल्या मोठ्या भूकंपानंतरच्या एका धक्क्याने चार वर्षांचा अ‍ॅन्सेल बागेच्या भिंतीवर आपटला आणि त्याचे नाक मोडले. ते पुढे आयुष्यभर वाकडेच राहिले. कुटुंबाचा इमारती लाकडाचा मोठा व्यवसाय होता. १९०७ च्या आर्थिक संकटानंतर तो ढासळला आणि पूर्वीचे वैभव पुन्हा परत आले नाही.

लहानपणी अ‍ॅन्सेल अतिशय चंचल होता. शाळेच्या चौकटीत त्याचे मन रमेना. वडिलांनी त्याला शाळेतून काढले आणि शिक्षणाची सोय घरीच केली. १९१५ मध्ये सान फ्रान्सिस्को येथे भरलेल्या पनामा-पॅसिफिक आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाचा वर्षभराचा पास त्यांनी मुलाला घेऊन दिला. ते वर्ष त्याने बहुतांशी प्रदर्शनाची दालने पाहण्यात घालवले. त्या काळाचा विचार करता वडिलांचा हा निर्णय धाडसाचा होता. बाराव्या वर्षाच्या सुमारास अ‍ॅन्सेल स्वतःच पियानो वाजवू लागला. पुढे रीतसर शिक्षकांकडे झालेल्या तालमीने त्याच्या चंचल मनाला शिस्त लावली. अचूक स्वर लागेपर्यंत तोच तुकडा पुन्हा पुन्हा घोटण्याची ही सवय पुढे त्यांच्या छायाचित्रणातही उतरली.

योसेमिटीची ओळख

१९१६ मध्ये अ‍ॅडम्स कुटुंब योसेमिटी खोऱ्यात सहलीसाठी गेले. त्या वेळी वडिलांनी चौदा वर्षांच्या अ‍ॅन्सेलला कोडॅक कंपनीचा बॉक्स ब्राउनी कॅमेरा दिला. त्याने आपली पहिली छायाचित्रे याच कॅमेऱ्याने टिपली. त्यानंतर आयुष्यभर ते दर वर्षी योसेमिटीला जात राहिले. १९१९ मध्ये ते सिएरा क्लब या निसर्गप्रेमींच्या संस्थेचे सभासद झाले. पुढे चार उन्हाळे त्यांनी खोऱ्यातील संस्थेच्या स्मारकगृहाची देखभाल केली. या काळात खेचरावर सामान लादून सिएरा नेवाडा पर्वतराजीत दूरवर भटकंती करण्याची त्यांना सवय लागली.

खोऱ्यात पियानोच्या सरावाची सोय शोधत असताना त्यांचा परिचय चित्रकार हॅरी बेस्ट यांच्या स्टुडिओशी झाला. बेस्ट यांची कन्या व्हर्जिनिया हिच्याशी त्यांचा विवाह २ जानेवारी १९२८ रोजी योसेमिटी येथेच झाला. या दांपत्यास मायकेल आणि अ‍ॅन अशी दोन अपत्ये झाली.

हाफ डोमचे छायाचित्र

वयाच्या पंचविशीपर्यंत अ‍ॅडम्स स्वतःला भावी पियानोवादकच मानत होते. १० एप्रिल १९२७ हा दिवस या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. त्या दिवशी व्हर्जिनिया आणि काही मित्रांसह ते बर्फातून चढत हाफ डोम या प्रचंड कड्यासमोरील एका उंच खडकावर पोहोचले. त्यांच्याकडे साडेसहा बाय साडेआठ इंच आकाराच्या काचेच्या निगेटिव्हचा कॅमेरा आणि केवळ बारा काचा होत्या. वाटेत बहुतेक काचा खर्ची पडल्या आणि कड्यासमोर उभे राहिल्यावर हाती दोनच उरल्या.

पहिल्या काचेसाठी त्यांनी नेहमीचा पिवळा फिल्टर वापरला. शटर बंद केल्यावर त्यांच्या लक्षात आले की, या चित्रात आकाश फिकट करडे येईल आणि कड्याचे दडपून टाकणारे रूप त्यात उतरणार नाही. डोळ्यांना दिसणारे दृश्य आणि मनावर उमटलेला ठसा यांत अंतर पडत होते. शेवटच्या काचेसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, त्यामुळे निळे आकाश कागदावर जवळजवळ काळे उमटते. ‘मोनोलिथ, द फेस ऑफ हाफ डोम’ या नावाने ते छायाचित्र प्रसिद्ध झाले. अंतिम चित्र आधी मनात पाहणे आणि मग त्याला अनुरूप फिल्टर, भिंगाचे छिद्र व वेळ निवडणे या प्रक्रियेला अ‍ॅडम्स यांनी पुढे सिद्धान्ताचे रूप दिले. मराठीत तिला पूर्वदर्शन म्हणता येईल.

याच सुमारास सान फ्रान्सिस्कोतील कलाप्रेमी व्यावसायिक आल्बर्ट बेंडर यांनी त्यांना आश्रय दिला. बेंडर यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये अ‍ॅडम्स यांचा सिएरा पर्वतावरील १८ छायाचित्रांचा पहिला संच प्रसिद्ध झाला.

संगीताकडून छायाचित्रणाकडे

१९३० मध्ये न्यू मेक्सिकोतील टाओस येथे अ‍ॅडम्स यांची छायाचित्रकार पॉल स्ट्रँड यांच्याशी भेट झाली. स्ट्रँड यांनी दाखवलेल्या निगेटिव्हमधील स्वच्छ, रेखीव आणि निःसंदिग्ध रचना पाहून त्यांचा निश्चय झाला. संगीत हा व्यवसाय न करता छायाचित्रणालाच वाहून घ्यायचे त्यांनी ठरवले. तथापि संगीत त्यांच्यापासून कधीच दूर गेले नाही. निगेटिव्ह ही संगीतकाराने लिहिलेली स्वरलिपी आणि त्यापासून काढलेले प्रिंट हा तिचा प्रत्यक्ष प्रयोग, ही उपमा ते नेहमी देत. स्वरलिपी तीच असली तरी प्रत्येक प्रयोग थोडा वेगळा असू शकतो. त्यामुळे एकाच निगेटिव्हपासून त्यांनी वेगवेगळ्या काळात काढलेल्या प्रिंटांमध्ये लक्षणीय फरक आढळतो.

एफ/६४ गट

त्या काळात छायाचित्रे मुद्दाम धूसर करून त्यांना रंगचित्रांचे रूप देण्याची प्रथा लोकप्रिय होती. तिच्या विरोधात १९३२ मध्ये अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम, विलार्ड व्हॅन डाइक आणि इतर काही छायाचित्रकारांनी एफ/६४ हा गट स्थापन केला. नोव्हेंबर १९३२ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले. एफ/६४ हे मोठ्या कॅमेऱ्याच्या भिंगातील अतिशय लहान छिद्राचे माप आहे. छिद्र जितके लहान, तितकी जवळच्या दगडापासून दूरच्या शिखरापर्यंत सर्व काही स्पष्ट उमटण्याची शक्यता अधिक असते.

या स्पष्टतेची किंमतही मोजावी लागते. लहान छिद्रातून प्रकाश कमी येतो, म्हणून शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागते. तेवढ्या वेळात वाऱ्याने पान हलले तर ते पुसट उमटते. शरद ऋतूतील झाडांचे चित्र घेताना ही अडचण अधिक जाणवते, कारण तेथे पाने हाच चित्राचा मुख्य विषय असतो. त्यामुळे अ‍ॅडम्स कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवत आणि हवा शांत होण्याची वाट पाहत.

१९३३ मध्ये न्यू यॉर्क येथे त्यांची आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्याशी भेट झाली. १९३६ मध्ये स्टिग्लिट्झ यांनी आपल्या ‘अ‍ॅन अमेरिकन प्लेस’ या कलादालनात अ‍ॅडम्स यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. पुढच्याच वर्षी योसेमिटी येथील त्यांच्या डार्करूमला आग लागली आणि त्यांच्या अनेक निगेटिव्ह नष्ट झाल्या.

झोन सिस्टिम

१९३९-४० च्या सुमारास लॉस एंजेलिस येथील आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवत असताना अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी झोन सिस्टिम सिद्ध केली. विद्यार्थ्यांना एक्स्पोजरचा निर्णय अंदाजाने न घेता विचारपूर्वक घेता यावा, हा तिचा हेतू होता.

या पद्धतीत शुद्ध काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंतच्या छटांची शून्य ते दहा अशा अकरा झोनमध्ये विभागणी केली जाते. प्रत्येक झोन म्हणजे आधीच्या झोनच्या दुप्पट प्रकाश. पाचवा झोन म्हणजे मध्यम करडा. तपशील दिसेल अशी गडद सावली तिसऱ्या झोनमध्ये, तर पोत टिकून राहील असा उजळ भाग सातव्या झोनमध्ये धरला जातो. प्रकाशमापक ज्या पृष्ठभागाकडे रोखला जातो, त्याला तो मध्यम करडाच समजतो. बर्फ असो वा कोळसा, मापकाचे ऐकले तर दोन्ही करडेच उमटतात. म्हणून मापकाचे वाचन हे उत्तर नसून केवळ माहिती आहे, असे अ‍ॅडम्स शिकवत. दृश्यातील कोणता भाग कोणत्या झोनमध्ये ठेवायचा, हे छायाचित्रकाराने ठरवायचे असते.

सावलीच्या भागावरून एक्स्पोजर ठरवावे आणि उजळ भाग किती उजळ करायचा हे निगेटिव्ह डेव्हलप करण्याच्या काळावरून ठरवावे, हा या पद्धतीचा व्यावहारिक नियम आहे. डेव्हलप करण्याचा काळ वाढवला की उजळ भाग अधिक उजळतात आणि सावल्यांमध्ये तुलनेने थोडाच फरक पडतो. त्यामुळे सपाट प्रकाशातील दृश्यात उठाव आणता येतो. उलट काळ कमी केला की कडक ऊन आणि गडद सावली यांमधील अंतर आटोक्यात येते.

शरद ऋतूतील छायाचित्रे

उत्तर अमेरिकेत सप्टेंबर ते नोव्हेंबर हा पानगळीचा काळ असतो. महाराष्ट्रात पानगळ प्रामुख्याने शिशिरात होते, त्यामुळे तेथील शरद आणि मराठी वाचकाच्या मनातील शरद यांत फरक आहे. तेथे या काळात पाने पिवळी, नारिंगी व लाल होतात आणि दिवस झपाट्याने लहान होत जातात. सूर्य कललेला असल्याने सावल्या लांब पडतात आणि संध्याकाळचा चांगला प्रकाश फार थोडा वेळ टिकतो. कृष्णधवल छायाचित्रकारापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. लाल पान आणि हिरवे पान डोळ्यांना कितीही वेगळे दिसले, तरी त्यांची उजळता सारखी असेल तर कागदावर दोन्ही एकाच करड्या छटेत उमटतात. रंगांमुळे डोळ्यांना सुंदर वाटणारे दृश्य चित्रात निस्तेज होते. अ‍ॅडम्स यांच्या पुढील तीन छायाचित्रांत या अडचणींना दिलेली तीन वेगवेगळी उत्तरे आढळतात.

मूनराइज, हर्नान्डेझ

१९४१ मध्ये अमेरिकेच्या गृहखात्याचे मंत्री हॅरॉल्ड इक्स यांनी खात्याच्या इमारतीत लावण्यासाठी राष्ट्रीय उद्याने व इतर सरकारी भूभागांची मोठी भित्तिछायाचित्रे तयार करण्याचे काम अ‍ॅडम्स यांच्याकडे सोपवले. या कामासाठी दिवसाला २२.२२ डॉलर मेहनताना ठरला होता. त्या निमित्ताने झालेल्या दौऱ्यात १ नोव्हेंबर १९४१ रोजी ते मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट यांच्यासह न्यू मेक्सिकोतील हर्नान्डेझ या खेड्याजवळून जात होते. दिवसभराच्या कामातून फारसे काही हाती लागले नव्हते. तोच त्यांना पूर्वेस बर्फाच्छादित पर्वतांवर उगवलेला चंद्र दिसला, आणि खालच्या दफनभूमीतील पांढरे क्रूस मावळत्या सूर्याच्या शेवटच्या किरणांत उजळलेले दिसले.

त्यांनी गाडी थांबवून घाईघाईने आठ बाय दहा इंचांचा कॅमेरा उभारला, परंतु प्रकाशमापक सापडेना. क्रूसांवरचा प्रकाश कोणत्याही क्षणी जाणार होता. चंद्राची दीप्ती प्रति चौरस फूट सुमारे २५० कँडल असते, हे त्यांना पाठ होते. चंद्राला सातव्या झोनमध्ये ठेवायचे तर पाचव्या झोनची दीप्ती त्याच्या एक चतुर्थांश, म्हणजे सुमारे ६० कँडल येते. फिल्मची गती ६४ होती. तिचे वर्गमूळ ८, म्हणून एफ/८ या छिद्राला १/६० सेकंद हे मूळ एक्स्पोजर झाले. गडद पिवळ्या फिल्टरसाठी ते तिप्पट, म्हणजे १/२० सेकंद केले. छिद्र एफ/३२ पर्यंत लहान केल्यावर वेळ सुमारे एक सेकंद झाला. एक चित्र टिपून दुसऱ्यासाठी ते फिल्मचा धारक उलटत होते, तेवढ्यात क्रूसांवरचे ऊन गेले. या दृश्याची एकच निगेटिव्ह उरली.

चित्राचा निम्म्याहून अधिक भाग मोकळ्या आकाशाने व्यापला आहे. चंद्र लहान आहे, खेडे क्षितिजाखाली दबलेले आहे आणि क्रूसांची ओळ नजरेला खाली बांधून ठेवते. चंद्राच्या आधारे एक्स्पोजर ठरवल्याने चंद्राचा तपशील टिकला, पण पुढचा भाग निगेटिव्हमध्ये क्षीण राहिला. १९४८ मध्ये अ‍ॅडम्स यांनी रासायनिक प्रक्रियेने तो भाग अधिक ठळक केला. सुरुवातीच्या प्रिंटांत आकाशात फिकट ढग दिसतात, तर नंतरच्या प्रिंटांत आकाश जवळजवळ काळे आहे. या निगेटिव्हपासून त्यांनी आयुष्यभरात १,३०० हून अधिक प्रिंट काढले.

ऑटम मून

योसेमिटीतील ग्लेशियर पॉइंट येथून टिपलेल्या ‘ऑटम मून’ या छायाचित्रात संधिप्रकाशातील पर्वतरांगेवर चंद्र उगवलेला दिसतो. चंद्रोदयाचे चित्र पूर्ण अंधारात घेतल्यास चंद्र पांढरा ठिपका होतो आणि भूमी काळी पडते. सूर्यास्ताच्या आसपास काही मिनिटेच चंद्र आणि भूमी यांची उजळता एका निगेटिव्हच्या आवाक्यात येते. अ‍ॅडम्स यांनी नेमका तो अवधी साधला.

स्वतःच्या छायाचित्रांच्या तारखा नोंदवण्यात अ‍ॅडम्स फार निष्काळजी होते. हर्नान्डेझच्या चित्राला त्यांनी वेगवेगळ्या प्रसंगी वेगवेगळी वर्षे दिली होती. चंद्राचे स्थान आणि सावल्या यांवरून खगोलतज्ज्ञांनी पुढे या तारखा शोधून काढल्या. टेक्सास स्टेट विद्यापीठातील अभ्यासकांच्या गणितानुसार ‘ऑटम मून’ १५ सप्टेंबर १९४८ रोजी सायंकाळी ७ वाजून ३ मिनिटांनी टिपले गेले. चंद्राच्या कला दर १९ वर्षांनी जवळजवळ त्याच तारखांना येतात. त्यामुळे ५७ वर्षांनी, १५ सप्टेंबर २००५ रोजी, तसाच देखावा पाहण्यासाठी अनेक लोक ग्लेशियर पॉइंटवर जमले होते.

अ‍ॅस्पेन्स, नॉर्दर्न न्यू मेक्सिको

१९५८ च्या शरद ऋतूत न्यू मेक्सिकोतील सांग्रे दे क्रिस्तो पर्वतात टिपलेले अ‍ॅस्पेन वृक्षांचे छायाचित्र हे पानगळीच्या काळातील त्यांचे सर्वांत प्रसिद्ध काम मानले जाते. मूनराइजच्या वेळी दृश्यातील उजेड आणि अंधार यांचे अंतर फार मोठे होते. येथे परिस्थिती नेमकी उलट होती. झाडे डोंगराच्या सावलीत होती, ऊन नव्हते, वारा नव्हता. खोडे किंचित हिरवट, पाने तेजस्वी पिवळी आणि जमिनीवरची झुडपे तांबूस होती. रंग काढून टाकले तर हे सारे दृश्य सौम्य आणि सपाट होते.

अ‍ॅडम्स यांनी गडद पिवळा फिल्टर वापरला. सावलीतील प्रकाश आकाशाकडून येत असल्याने निळसर होता. फिल्टरने तो अडवला आणि झाडीचा अंतर्भाग गडद झाला. पिवळ्या पानांचा प्रकाश मात्र फिल्टरमधून सहज गेल्याने पाने उजळली. त्यानंतर निगेटिव्ह नेहमीपेक्षा अधिक डेव्हलप करून त्यांनी हे अंतर आणखी वाढवले. चित्रात काळोख्या पार्श्वभूमीवर सडपातळ खोडे आणि पुढील लहान झाडाची पाने आतून उजळल्यासारखी दिसतात. ही झाडे उन्हात उभी असावीत, असा पाहणाऱ्याचा समज होतो. वस्तुतः तो प्रकाश दृश्यात नव्हता. तो छायाचित्रकाराने निवडीतून निर्माण केला आहे.

या ठिकाणाची आडवी आणि उभी अशी दोन छायाचित्रे उपलब्ध आहेत. आडव्या चित्रात खोडांची लय प्रधान आहे, तर उभ्या चित्रात नजर वर जाते आणि झाडांच्या उंचीची जाणीव होते. दोन्ही चित्रांत आकाश नाही. सावलीच्या दृश्यात फिकट आकाशाचा तुकडा आला असता, तर पानांऐवजी नजर तिकडेच खेचली गेली असती. चौकटीत काय घ्यायचे याइतकेच काय वगळायचे याला त्यांच्या रचनेत महत्त्व होते.

रंगीत छायाचित्रण

अ‍ॅडम्स यांनी व्यावसायिक कामासाठी आणि प्रयोग म्हणून हजारो रंगीत पारदर्शिकाही टिपल्या. तरीही रंगीत माध्यमाविषयी ते समाधानी नव्हते. त्या काळच्या रंगीत फिल्मला एक्स्पोजरमधील थोडीशी चूकही सहन होत नसे. शिवाय कृष्णधवल निगेटिव्हप्रमाणे डेव्हलप करताना व प्रिंट काढताना छटांवर ताबा ठेवता येत नसे. त्यांच्या निधनानंतर १९९३ मध्ये त्यांच्या रंगीत छायाचित्रांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

युद्धकाळ आणि मान्झानार

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यानंतर १९४२ मध्ये भित्तिछायाचित्रांचा प्रकल्प थांबला. त्या वर्षी जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना, ज्यांपैकी बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते, घरदार सोडायला लावून छावण्यांत डांबण्यात आले. १९४३ मध्ये अ‍ॅडम्स यांनी सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी असलेल्या मान्झानार छावणीतील रहिवाशांची छायाचित्रे घेण्यास आरंभ केला. ‘बॉर्न फ्री अँड ईक्वल’ हे त्यांचे पुस्तक १९४४ मध्ये, म्हणजे युद्ध चालू असतानाच, प्रसिद्ध झाले आणि त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. ही छायाचित्रे त्यांनी पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली.

निसर्गसंरक्षण

१९३४ मध्ये अ‍ॅडम्स सिएरा क्लबच्या संचालक मंडळावर निवडून आले आणि १९७१ पर्यंत, म्हणजे सलग ३७ वर्षे, त्या पदावर राहिले. किंग्ज कॅन्यन भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळावा म्हणून त्यांनी १९३६ मध्ये वॉशिंग्टन येथे आपली छायाचित्रे लोकप्रतिनिधींना दाखवली. १९३८ मध्ये त्यांचे सिएरा नेवाडावरील छायाचित्रांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते मंत्री इक्स यांच्यामार्फत राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोहोचले. १९४० मध्ये किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. एखादे छायाचित्र भूभागाचे भवितव्य ठरवण्यास साहाय्य करू शकते, याचे हे उदाहरण मानले जाते. १९६० मध्ये नॅन्सी न्यूहॉल यांच्यासह त्यांनी ‘धिस इज द अमेरिकन अर्थ’ हे पुस्तक सिद्ध केले. वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांनी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांची भेट घेऊन पर्यावरणविषयक धोरणांवरील आपले मतभेद स्पष्टपणे मांडले.

अध्यापन आणि लेखन

१९४० मध्ये न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये छायाचित्रण विभाग सुरू करण्यात अ‍ॅडम्स यांचा सहभाग होता. १९४६ मध्ये त्यांनी सान फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया स्कूल ऑफ फाइन आर्ट्समध्ये छायाचित्रण विभाग स्थापन केला. योसेमिटीतील त्यांच्या कार्यशाळांना अनेक वर्षे विद्यार्थी येत राहिले. कॅमेरा, निगेटिव्ह आणि प्रिंट या विषयांवरील त्यांची पाठ्यपुस्तके प्रथम १९४८ पासून प्रसिद्ध झाली. १९८० ते १९८३ या काळात त्यांनी ती नव्याने लिहिली. १९८३ मधील ‘एक्झाम्पल्स’ या पुस्तकात त्यांनी आपल्या ४० छायाचित्रांची निर्मितिप्रक्रिया उलगडून सांगितली. हर्नान्डेझच्या चंद्राचे गणित आणि अ‍ॅस्पेनच्या झाडीतील फिल्टरची निवड यांचा तपशील या पुस्तकामुळेच वाचकांना उपलब्ध झाला.

टीका

१९३० च्या दशकात महामंदी आणि युद्धाचे सावट असताना अ‍ॅडम्स आणि वेस्टन खडकांची छायाचित्रे घेत बसले आहेत, असा आक्षेप घेतला गेला. फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांच्या नावाने तो विशेष प्रसिद्ध आहे. अलीकडच्या अभ्यासकांनी दुसरा मुद्दा मांडला आहे. अ‍ॅडम्स यांच्या निसर्गचित्रांत माणूस क्वचितच दिसतो. त्यामुळे योसेमिटीसारख्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आणि तेथून हुसकावल्या गेलेल्या मूळ रहिवाशांचा इतिहास झाकला जातो आणि ती भूमी निर्मनुष्यच होती, असा समज पसरतो. प्रिंट काढताना आकाश इतके काळे करणे हे वास्तवाशी प्रामाणिक आहे का, हाही प्रश्न विचारला गेला. आपली चित्रे ही दृश्याची हुबेहूब नोंद नसून त्या दृश्याने मनावर उमटवलेल्या ठशाचे रूप आहेत, अशी अ‍ॅडम्स यांची भूमिका होती आणि प्रकाशनियंत्रणाच्या आपल्या पद्धती त्यांनी कधीही लपवल्या नाहीत.

अखेरचा काळ आणि वारसा

१९६२ पासून अ‍ॅडम्स कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील कार्मेल हायलंड्स येथे राहत होते. १९७५ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात सेंटर फॉर क्रिएटिव्ह फोटोग्राफी ही संस्था स्थापन झाली. त्यांच्या निगेटिव्ह व कागदपत्रांचा संग्रह तेथे जतन केला आहे. १९७७ मध्ये अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीत स्नेक नदी आणि टीटन पर्वत यांचे त्यांचे छायाचित्र समाविष्ट आहे. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा सर्वोच्च नागरी सन्मान दिला.

२२ एप्रिल १९८४ रोजी माँटेरे येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सिएरा नेवाडातील एका संरक्षित अरण्यक्षेत्राला त्यांचे नाव देण्यात आले. १९८५ मध्ये योसेमिटीतील ३,५८४ मीटर उंचीच्या एका शिखराचे माउंट अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स असे नामकरण झाले. त्यांचे आत्मचरित्रही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

काचेच्या निगेटिव्ह आणि डार्करूम आता व्यवहारातून जवळजवळ गेल्या आहेत. डिजिटल कॅमेऱ्यात उजळतेचा आलेख तत्काळ पडद्यावर दिसतो. फिल्मवर सावलीचा तपशील गमावण्याची भीती असे, तर डिजिटल कॅमेऱ्यात उजळ भाग कोरा पांढरा होण्याची भीती अधिक असते. म्हणून तेथे एक्स्पोजर सहसा उजळ भागावरून ठरवले जाते. परंतु मापक आजही प्रत्येक पृष्ठभागाला मध्यम करडाच समजतो, आणि दृश्यातील कोणती उजळता कोठे ठेवायची व चौकटीतून काय वगळायचे हा निर्णय आजही कॅमेऱ्यामागच्या माणसालाच घ्यावा लागतो.